फक्त मोजणी

चिठ्ठी निघाली त्या दिवसापासून धाकटीने थोरलीशी बोलणं टाकलं. त्याआधीही दोघी जावांचं फार गूळपीठ होतं असं नाही, पण पाणी आलं, गॅसवाला आला, एवढं तरी तोंडातून निघायचं. चिठ्ठीनंतर तेही संपलं.

चिठ्ठी कसली ते आधी सांगितलं पाहिजे. वस्तीतल्या वर्षभराच्या सगळ्या मुलांची नावं एका संस्थेने लिहून घेतली होती. संस्थेचं म्हणणं असं, की आठवड्यातून एकदा एखादी शिकलेली ताई घरी आली, आईजवळ तासभर बसली, मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते कुठे अडतंय हे कसं ओळखायचं, एवढं दाखवून गेली, तर मूल चांगलं वाढतं. हे कुठल्याही आजीने न विचारता सांगितलं असतं. पण आजीच्या शब्दावर कुणी कार्यक्रम चालवत नाही, त्याला पुरावा लागतो. म्हणून अर्ध्या घरांत ताई जाणार, अर्ध्या घरांत नाही, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडची मुलं मोजून बघणार, काही फरक पडला का. कुठलं घर कुठल्या अर्ध्यात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. काहींच्या कागदावर लिहिलं 'भेट'. बाकीच्यांच्या कागदावर लिहिलं 'फक्त मोजणी'.

थोरलीला भेट निघाली आणि धाकटीला फक्त मोजणी. म्हणजे दर सहा महिन्यांनी एक बाई येणार, मुलाला फळीला टेकवून उभं करणार, त्याच्यापुढे ठोकळे मांडणार, कागदावर खुणा करणार आणि काही न सांगता उठून जाणार.

एकाच घरातल्या दोन जावांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या कशा, हा प्रश्न कुणालाही पडेल. संस्थेला पडला नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली दोघा भावांनी मधोमध प्लायवूड ठोकून वाटून घेतली होती. दोन दारं, दोन शेगड्या. कचेरीच्या लेखी स्वयंपाक वेगळा म्हणजे घर वेगळं. हा नियम ज्याने केला त्याला जावा नसाव्यात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला प्लायवूड किती जाड असतं हे ठाऊक नसतं. इथलं तर असं होतं की पलीकडे कुणी उसासा टाकला तर अलीकडे कुणावर टाकला हेही कळायचं.

धाकटीला खरी आग होती ती वेगळीच. थोरलीची मुलगी आणि धाकटीचा मुलगा तीन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेले. मुलगी दहाव्या महिन्यापासून अखंड बोलायची, म्हणून तिला सगळे मैना म्हणत. मुलगा सव्वा वर्षाचा झाला तरी ओठ मिटून बसलेला. थोरलीने एकदा जिन्यात शेजारणीला हसत सांगितलं, "आमचा घुम्या मूग गिळूनच जन्माला आलाय." झालं. दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोराचं नाव घुम्या. धाकटी त्याला राजा म्हणायची, पण तिच्या एकटीच्या राजा म्हणण्याने काय होणार? आणि आता ज्या पोरीला काही अडचण नाही तिच्याकडे ताई येणार, आणि ज्याला आहे त्याची नुसती लांबी मोजणार. हा हेवा होता, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. पण या हेव्याला कारणही होतं.

नवरा म्हणाला, "बुधवारी तूही जाऊन बस की त्यांच्यात. कोण हाकलणार आहे?"

"मी? तिच्या दारात?"

"मग नको जाऊस," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. भावाभावांत काही नव्हतं, म्हणून जावाजावांतही काही नसावं अशी त्याची भाबडी समजूत होती.

धाकटी घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, मशीन दिवसभर खडखडत असायचं. पहिल्या बुधवारी अकरा वाजता भेटताई थोरलीकडे आली, चपला काढल्याचा आवाज आला, आणि धाकटीचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. ऐकायचं नव्हतं तिला. नुसतं बघायचं होतं, एवढं काय सोनं लावतात ते.

"हे बघा," ताई पलीकडे म्हणाली, "ती काय बघते आहे तिकडे आपण बघायचं. आणि त्याचं नाव सांगायचं. आपल्याला दाखवायचंय ते नाही, तिला बघायचंय ते."

धाकटीने राजाकडे पाहिलं. तो खिडकीतल्या कबुतराकडे बघत होता. गेले तीन महिने ती त्याच्या तोंडापुढे बाहुली नाचवत 'आई म्हण, आई म्हण' करत होती. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "कबुतर." पोराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतकंच झालं, पण ती तशीच बसून राहिली, आणि पलीकडे बारा वाजता ताई उठेपर्यंत तिने कबुतर, पंख, उडालं, परत आलं, असं सगळं सांगून टाकलं.

त्यानंतर बुधवारी अकरा ते बारा मशीन बंद. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात, धाकटीने तर ताकाला जाणंसुद्धा लपवलं. अडचण एकच होती, तिला दिसत काही नव्हतं. पलीकडे ताई म्हणायची, "आता हे हलवा. कुठे वाजलं? शोध." काय हलवलं, देव जाणे. मग धाकटीने बटणं दोऱ्यात ओवली, पोराने गिळू नयेत म्हणून दर बटणामागे गाठ मारली आणि ती माळ उशीखाली, डब्यात, स्वतःच्या पाठीमागे वाजवायला सुरुवात केली. ताई म्हणायची, "एकात एक घाला." काय कशात घालायचं? धाकटीने वाट्या घेतल्या, पेले घेतले, शेवटी शर्टाच्या खिशात बटणं, लाल खिशात लाल, निळ्या खिशात निळी. समोर बसून शिकणाऱ्याला दाखवलेलंच करता येतं. भिंतीआडून शिकणाऱ्याला अर्धं स्वतः रचावं लागतं, आणि रागाने रचणाऱ्याचा हात तर थांबतच नाही.

ताईचा आवाज मात्र मोठा होता. सुरुवातीला बेताचा असायचा, पुढे पुढे बाजारात उभी असल्यासारखी बोलायला लागली. थोरली एकदा वैतागून म्हणाली, "ताई, मी बहिरी नाही हो." अलीकडे धाकटीने तोंडाला शर्ट लावून हसू दाबलं. बरं झालं, म्हणाली मनात, तुझं कुणीतरी डोकं उठवतंय.

जिन्यात ताई भेटली तर नुसती मान हलवायची आणि पुढे जायची. 'फक्त मोजणी'च्या आयांशी बोलायचं नाही असा तिला नियम होता. धाकटीला वाटायचं, शिकलेली आहे, माज आहे.

राजा एकोणिसाव्या महिन्यात 'बुतर' म्हणाला. दोन वर्षांचा झाला तेव्हा दोन शब्द जोडत होता. अडीचला तो नळ का गळतो, जिना कुठे जातो, काकू का ओरडते असे प्रश्न विचारायला लागला. जिन्यात त्याला अजून सगळे घुम्याच म्हणत, आणि तो पाठ फिरवून वरच्या पायरीवरून सांगायचा, "मी राजा." थोरली त्यावर म्हणायची, "आला मोठा राजा, आईने शिकवलेलं बोलतोय." धाकटी काही उत्तर द्यायची नाही. अबोला धरलेला ना. दार मात्र जरा जोरात लावायची.

मधल्या काळात धाकटीला मुलगी झाली. बाळ गोरंगोमटं, शांत. पाचव्या महिन्यात धाकटीच्या लक्षात आलं, की बाळाची डावी मूठ उघडतच नाही. उजव्या हाताने ते खुळखुळा पकडायचं, केस ओढायचं. डावा हात कोपरात दुमडून छातीशी, अंगठा मुठीत. आंघोळीच्या वेळी तिने बोटं सोडवली, ती पुन्हा मिटली. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. दवाखान्यातही नेलं नाही, कारण दवाखान्याचा कागद घरात आला की भावाकडून भावाकडे, तिथून थोरलीकडे, आणि थोरलीकडून जिन्यात. एका पोराचं नाव ठेवून झालं होतं. या पोरीचं काय ठेवेल, थोटी? धाकटीने बाळाला दुपट्यात गुंडाळायला सुरुवात केली, डावा हात आत. उकाड्यातही गुंडाळलेलं असायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, सर्दी आहे.

आणि बुधवारी ती भिंतीला कान लावून वाट बघायची. पण पलीकडे आता पावणेतीन वर्षांच्या मैनेला कात्री कशी धरायची ते चाललेलं. लहान बाळाच्या मुठीबद्दल भिंत एक अक्षर बोलत नव्हती. ताईला ते येत असणार, नक्की येत असणार. जिन्यात दोनदा धाकटीने तोंड उघडलं. दोन्ही वेळा थोरली ताईच्या मागे निरोप द्यायला उभी होती.

मोजणीच्या आधीच्या बुधवारी ताई पलीकडे म्हणाली, अगदी स्वच्छ, शब्द सुटा करून, "ही शेवटची मोजणी आहे. आपल्या भेटींनी फरक पडलेला दिसला, तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या नाहीत. ज्या ज्या घरात वर्षाच्या आतबाहेरचं बाळ आहे त्या प्रत्येक घरात ताई जाईल. तुमच्या जावेच्या बाळाकडेसुद्धा. नाही दिसला, तर कार्यक्रम बंद. आम्ही सगळ्या घरी."

"तिच्याकडे कशाला?" थोरली म्हणाली. "तिला सगळं येतं."

धाकटी भिंतीशी बसून राहिली. दोन घरांत फरक दिसला पाहिजे. म्हणजे मैना पुढे आणि राजा मागे दिसला पाहिजे. तसं झालं तर बाळाची मूठ बघायला ताई या दारातून आत येईल. ती राजाकडे बघत राहिली. तो बटणं रंगाने लावत होता, आणि हिरवी आणि निळी यांच्या मधलं एक बटण हातात धरून, हे कुणाचं, असं विचारत होता.

मोजणीची बाई पुढच्या सोमवारी आली. तिला धाकटी मनातल्या मनात मोजपट्टी म्हणायची. उंच, बारीक, सरळ, आणि चेहऱ्यावर आकड्यांशिवाय काही नाही. सकाळी ती थोरलीकडे होती. मैनेने पाच ठोकळ्यांचा मनोरा रचला, सहावा ठेवताना पडला, तशी तिने उरलेल्यांना लाथ मारली आणि पुढचं काही करायला नकार दिला. हे सगळं भिंतीतून ऐकून धाकटीला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. दुसऱ्याच क्षणी मूठ आठवली आणि तो आनंद तोंडातच कडू झाला.

मग मोजपट्टी इकडे आली. थोरली मागोमाग येऊन दाराच्या चौकटीला टेकली, हाताची घडी घालून. घुम्याची फजिती बघायला आली होती, लपवतही नव्हती.

बाईने चटईवर ठोकळे मांडले. राजाने दहाच्या दहा एकावर एक ठेवले आणि वर चढवायला अकरावा मागितला.

"छान," बाई म्हणाली.

धाकटीला या 'छान'चा संताप यायचा. पोराने बरोबर केलं तरी छान, चुकलं तरी छान, त्याच सुरात. असा नियमच होता म्हणे, मुलाला कळू नये म्हणून. पण आईला तरी कळावं की नाही? बाईने चित्रं दाखवली. राजाने किटली, कुलूप, शिडी, कासव सगळं सांगितलं, आणि कोटाचं चित्र आल्यावर म्हणाला, "याला तीन काजं आणि बटण एकच. एक हरवलं, आणि एक पडलं."

बाईचं पेन क्षणभर थांबलं. "छान."

धाकटी दुपट्यातलं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. पोराच्या दर उत्तराला छाती भरून येत होती आणि दर उत्तराला हात दुपट्यातल्या मुठीवर जात होता. चूक रे राजा, एखादं तरी चूक, असं ती म्हणाली असती, पण आईची जीभ तशी वळत नाही. तो एकेक बरोबर सांगत होता, आणि ती मान डोलावत होती.

"आता मी दोन गोष्टी सांगणार, त्या एकापाठोपाठ करायच्या," बाई म्हणाली. "चेंडू खुर्चीखाली ठेव, आणि मग दार लाव."

राजाने चेंडू खुर्चीखाली ठेवला. मग दाराशी गेला, काकूकडे मान वर करून पाहिलं, म्हणाला, "बाजूला हो," आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

"छान," बाई म्हणाली. या वेळी ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढंच.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पोराने चांगलं केलं यात गुन्हा नाही. खरं बिघडलं ते त्यानंतर. बाईने पिशवीतून एक चिकटवलेलं पाकीट काढलं. ते सगळ्यात शेवटीच फोडायचं असा नियम होता, कारण घर कुठल्या बाजूचं आहे हे मोजणाऱ्यालाही तोवर ठाऊक नसायचं. माहीत असलं तर पेन वाकडं चालेल. तिने पाकीट फोडलं, कागद पाहिला.

"तुमच्याकडे भेटी नव्हत्या तर," ती म्हणाली. आवाजात जरासं आश्चर्य होतं. "एक शेवटचा प्रश्न आहे. नीट ऐका. भेटी असलेल्या एखाद्या घराकडून तुम्हाला गेल्या दोन वर्षांत काही शिकायला मिळालं का? खेळ, बोलणं, काहीही. कुणी सांगितलं, दाखवलं, किंवा तुमच्या कानावर आलं?"

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. थोरली, हातात चष्म्याचं घर. "मॅडम, हे माझ्याकडे राहिलं तुमचं." दिलं, पण गेली नाही. प्रश्न तिने ऐकला होता. तिची नजर धाकटीवरून मशीनवर गेली, मशीनवरून भिंतीवर.

सांगायला किती शब्द लागले असते? 'हो, भिंतीतून ऐकलं.' तीन शब्द. त्या तीन शब्दांनी कागदावर लिहिलं गेलं असतं की या पोराच्या हुशारीत ताईचा वाटा आहे, भेटी भिंत ओलांडूनही उपयोगी पडतात. बाळाच्या बाजूने एक घर पडलं असतं. धाकटीला हे कळत होतं, पुरतं कळत होतं. पण त्या तीन शब्दांनी थोरलीला जन्मभराचं खाद्य मिळालं असतं. आमच्या भिंतीला कान लावून पोर वाढवलं हो, आमचं उष्टं खाऊन.

"मी कशाला कुणाच्या दारात जाऊ?" धाकटी म्हणाली. "माझं पोर मी वाढवलं."

"म्हणजे नाही असं लिहू?"

"नाही लिहा."

बाईने लिहिलं. पाकीट बंद करताना ती बाळाकडे बघत होती. दुपटं एका बाजूने सुटलं होतं. धाकटीने ते ओढून घेतलं. बाईने फळी उचलली आणि ती गेली.

चार महिन्यांनी निकाल आला. कुणी पत्र पाठवलं नाही, भेटताई स्वतः सांगायला आली. बुधवार नव्हता, आणि तिच्या खांद्याला खेळण्यांची पिशवीही नव्हती. पलीकडे थोरलीपाशी ती पाच मिनिटं बसली. धाकटीने मशीन थांबवलं, पण या वेळी ताई हळू बोलत होती. काहीच ऐकू आलं नाही. मग चपला वाजल्या आणि ताई धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"फरक नाही दिसला," ती म्हणाली. "दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. तुझा तर आमच्या पोरांच्याही पुढे. कार्यक्रम बंद."

धाकटी उठून उभी राहिली.

"तुझं मशीन बुधवारी अकराला थांबायचं," ताई म्हणाली. "पहिल्या महिन्यातच कळलं मला. त्याला काही फार शिक्षण लागत नाही. म्हणून मी आवाज चढवला. तुझ्या जावेला वाटायचं माझ्या कानात बिघाड आहे. नियम मोडून दोन वर्षं ओरडत होते मी, भिंतीपलीकडच्या पोरासाठी. आणि तू लिहून दिलंस, कुणी काही सांगितलं नाही."

"तुम्हाला नव्हतं विचारलं?" धाकटीचा आवाज नको तितका तिखट आला. "तुम्ही तरी सांगायचं."

"विचारलं होतं. मीही नाही म्हटलं. नियम मोडला हे कळलं असतं तर कामावरून गेले असते." ती हसली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "आता गेलेच की."

"ताई, जरा आत या. बाळाचं एक—"

"आता कसली ताई," ती म्हणाली. "उद्यापासून मी कुणाच्या घरी जात नाही." आणि जिना उतरून गेली. तिची चूक म्हणावी तर आहे. पण दोन वर्षांचं काम एका ओळीत पुसलं गेलेल्या बाईने त्या क्षणी मोठं मन दाखवावं, ही अपेक्षा ज्यांची कामं शाबूत आहेत त्यांनी करावी.

दोन दिवस धाकटीने काज एकही सरळ केलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती संस्थेच्या कचेरीत गेली. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खोकी बांधणं चाललं होतं, प्रत्येक खोक्यावर वस्तीचं नाव आणि आकडा. एका टेबलाशी मोजपट्टी बसली होती.

"माझं उत्तर चुकलंय," धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली. "पाकिटातलं. मी भिंतीतून ऐकत होते. दोन वर्षं. दर बुधवारी. ते बदला."

बाईने चष्मा काढला. "आता बदलता येत नाही. निकाल लागला."

"मग निकाल बदला."

"एका घराने निकाल बदलत नाही. तुमच्यासारखी एकशे बारा घरं होती. त्या प्रश्नाला किती जणींनी हो म्हटलं, माहीत आहे? एकीनेही नाही. एकशे बारा बायका, एकाच वस्तीत, एकाच नळावर, आणि एकीच्याही कानावर काही आलं नाही. आम्हालाही विचित्र वाटलं. पण लिहून दिलेलं तेच आहे."

म्हणजे घरोघरी कुणीतरी दाराशी उभं होतं. जाऊ नाहीतर शेजारीण, सासू नाहीतर सख्खी बहीण. धाकटीला त्या सगळ्यांचा एकदम राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ती समोरच्या खुर्चीवर बसली. बाळ कुरकुरलं. तिने दुपटं सोडलं, पहिल्यांदाच परक्या माणसापुढे, आणि डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला. मिटलेली मूठ, आत अंगठा.

"हिच्यासाठी ताई हवी होती," ती म्हणाली.

बाईने मुठीकडे पाहिलं. तिला नवल वाटलं नाही, हे धाकटीच्या लगेच लक्षात आलं.

"तुम्ही पाहिली होती."

"हो. त्या दिवशी, दुपटं सरकलं तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगायचं नसतं," बाई म्हणाली. "मोजायला गेलेल्याने सल्ला दिला तर मोजणी बिघडते. सगळ्या घरांना सारखं वागवायचं. तसं शिकवलंय आम्हाला."

"एक वाक्य, बाई. दवाखान्यात दाखवा, एवढं."

"हो," बाई म्हणाली. "एक वाक्यच होतं." तिने मान खाली घातली नाही, आवाजही उतरला नाही, पण हातातला चष्मा ती उगाच उघडमिट करत होती. "तुम्ही तरी का नाही नेलंत?"

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीचं नाव जिभेवर तयार होतं, दोन वर्षं तयारच होतं. ते घेतलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. पण समोर बाळाची मूठ होती, आणि हात जावेचा नव्हता.

"आता मोजणी संपली ना?" ती म्हणाली. "मग आता सांगा."

बाईने एक कोरा कागद ओढला. मोठ्या इस्पितळात मुलांच्या मेंदूचे आणि हातापायांचे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते सांगितलं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते सांगितलं. व्यायाम असतात, म्हणाली, लवकर सुरू केले तर चांगला उपयोग होतो. 'लवकर' म्हणताना अडखळली. मग तिने डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली, त्याच सरळ, टोकदार अक्षरात.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"पाचव्या महिन्यात."

"नक्की?"

"नक्की. आंघोळ घालत होते."

"आणि आता बाळ कितव्या महिन्यात आहे?"

"तेराव्या."

बाईने दोन्ही आकडे लिहिले, सही केली आणि कागद पुढे सरकवला. मधल्या आठ महिन्यांबद्दल चिठ्ठीत काही विचारलेलं नव्हतं.